विषाणूच्या अंगावरची खूण

वडोदऱ्याच्या एका वाचक भगिनींचे पत्र आमच्यासमोर आहे. त्यांची कन्या परगावच्या एका संस्थेत विषाणूंवर संशोधन करते. सुट्टीत घरी आली म्हणजे तिच्या तोंडी एकच विषय असतो : अमुक प्रथिनाला 'युबिक्विटिन' चिकटले आहे की नाही, आणि चिकटले असेल तर ते दिसत का नाही. "तीन महिने झाले, पोर एका काळ्या पट्टीच्या मागे लागली आहे. त्या पट्टीत एवढे आहे तरी काय, हे आम्हां घरच्या माणसांस कळेल असे सांगाल का?" अशी त्यांची पृच्छा आहे. प्रश्न रास्त आहे. तीन महिने एका पट्टीसाठी घालविणे हा वेडेपणा नव्हे, हे आईला उमजले तर लेकीलाही थोडा धीर येईल, म्हणून या महिन्याचे पान आम्ही त्याच विषयास दिले आहे.

ज्यांचे बालपण धोब्याच्या गाठोड्यांच्या काळात गेले, त्यांना कपड्याच्या कोपऱ्यावरील बिब्ब्याची खूण आठवत असेल. दोन टिंबे, एक आडवी रेघ, एखादी फुली. एवढ्यावर शेकडो घरांचे कपडे बिनचूक ज्याच्या त्याच्या घरी परत जात. बिब्ब्याचा रस सुतात एकदा मुरला की साबण, सोडा, भट्टी, कशालाही दाद देत नाही. आपल्या शरीरातील प्रत्येक पेशीतही असाच एक खुणा करणारा कारभार अहोरात्र चालू असतो. तेथे बिब्ब्याच्या जागी युबिक्विटिन नावाचे एक चिमुकले प्रथिन आहे. भेद एवढाच की धोब्याची खूण मालक सांगते, आणि ही खूण पुढे काय करावयाचे ते सांगते. या प्रथिनास मोडीत काढा, याला दुसऱ्या दालनात पाठवा, याला कामाला जुंपा. असे निरनिराळे हुकूम एकाच शाईने लिहिलेले असतात.

हे प्रथिन १९७५ साली गिडिऑन गोल्डस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रथम वेगळे केले. जेथे शोधावे तेथे ते सापडे, म्हणून 'सर्वत्र' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याचे नाव पडले. ७६ अमिनो आम्लांची ही माळ इतकी जुनी आणि इतकी जपलेली आहे की माणसाचे युबिक्विटिन आणि पाव फुगविणाऱ्या यीस्टचे युबिक्विटिन यांत अवघ्या तीन मण्यांचा फरक आहे. त्याचे काम मात्र पुढे उलगडले. इस्राएलमधील हैफा येथील अव्राम हर्श्को व आरोन सीशॅनोव्हर आणि फिलाडेल्फियाचे आयर्विन रोझ यांनी १९८० च्या सुमारास सशाच्या अपक्व तांबड्या पेशींच्या अर्कात हे दाखवून दिले, की नष्ट करावयाच्या प्रथिनास आधी हे चिमुकले प्रथिन पक्क्या रासायनिक बंधाने जोडले जाते. त्याबद्दल तिघांना २००४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

जोडणी कशी होते, तेही पाहू. युबिक्विटिनच्या शेवटी ग्लायसिन नावाचा मणी असतो. तो लक्ष्य-प्रथिनातील लायसिन नावाच्या मण्याच्या बाजूच्या फांदीस चिकटतो. काम तीन एन्झाइमांच्या हातून होते : पहिले युबिक्विटिनला ऊर्जा देऊन तयार करते, दुसरे वाहून नेते, आणि तिसरे कोणत्या प्रथिनावर खूण उमटवावयाची ते निवडते. पहिल्या प्रकारची माणसात दोनच आहेत, दुसऱ्याची चाळीसच्या आसपास, आणि तिसऱ्याची सहाशेंहून अधिक. निवड करणाऱ्यांचीच गर्दी मोठी असावी हे साहजिक आहे. पुढची गंमत अशी की खुद्द युबिक्विटिनमध्येही सात लायसिन आहेत, त्यामुळे एका खुणेवर दुसरी, दुसरीवर तिसरी अशी साखळी वाढू शकते. ४८ व्या लायसिनवरून वाढलेली साखळी बहुधा मोडीचा हुकूम असते. ६३ व्या लायसिनवरून वाढलेली साखळी मात्र मोडीची नव्हे. ती संदेश देण्याच्या आणि वाहतुकीच्या कामी येते. म्हणजे नुसती खूण आहे एवढे कळून भागत नाही. ती कोठे आहे, एकेरी आहे की साखळी, आणि साखळी कोणत्या सांध्याची, हे सारे कळावे लागते.

विषाणूंचा येथे संबंध काय? विषाणूस स्वतःचा संसार नाही. तो दुसऱ्याच्या पेशीत शिरून तिच्याच भांड्याकुंड्यांवर आपला स्वयंपाक उरकतो. मग तेथला खुणांचा कारभारही त्याच्या वाट्यास येतोच. कधी पेशी विषाणूच्या प्रथिनावर मोडीची खूण करून त्याचा काटा काढते. कधी विषाणूच पेशीच्या पहारेकऱ्यावर ती खूण करवितो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारण होणारा पॅपिलोमा विषाणू पेशीचे पी-५३ हे रक्षक प्रथिन असेच मोडीत घालवितो, हे १९९० मध्ये सिद्ध झाले. एड्सचा विषाणू पेशीच्या एका संरक्षक एन्झाइमाचा असाच निकाल लावतो, हे २००३ मध्ये कळले.

स्वतः विषाणूच्या अंगावर अशी खूण सापडल्याचे एक जुने उदाहरण आमच्या निपाणीकडील वाचकांना जवळचे वाटेल, कारण ते तंबाखूचे आहे. तंबाखूच्या पानांवर फिक्या आणि गडद हिरव्या रंगाचे पट्टे उमटविणारा जो मोझाइक विषाणू, त्याचे कवच एकाच प्रथिनाच्या असंख्य प्रतींचे असते. त्या प्रथिनाचा भार साडेसतरा हजार डाल्टन. परंतु शुद्ध केलेल्या विषाणूत सुमारे साडेसव्वीस हजार डाल्टन भाराचे दुसरेही एक प्रथिन अल्प प्रमाणात सापडे, आणि ते कवचाच्याच प्रथिनाचे भावंड असल्याची चिन्हे होती. हा जादा भार आला कोठून? युबिक्विटिनचा भार साडेआठ हजार डाल्टन आहे. बेरीज वाचकांनीच करून पाहावी. कवचाच्या काही प्रतींवर युबिक्विटिन जोडलेले असते, हे मिल्टन झैटलिन यांच्या गटाने १९८८ मध्ये प्रसिद्ध केले.

भारातील हा फरक हाच आजही तपासाचा पहिला धागा आहे, आणि पत्रातील ती काळी पट्टी म्हणजे हाच धागा होय. पेशी फोडून त्यांतील प्रथिने एसडीएस नावाच्या साबणासारख्या द्रव्यात उकळतात. त्याने प्रथिनांच्या घड्या उलगडून त्यांचे सरळ धागे होतात. मग जेलच्या चकतीत विजेच्या दाबाखाली ते धावू लागतात. हलके पुढे जातात, जड मागे रेंगाळतात. पुढे ही प्रथिने जेलमधून एका पातळ पटलावर उतरवून घेतात आणि त्यावर प्रतिपिंड सोडतात. प्रतिपिंड ज्या प्रथिनासाठी तयार केलेले असते त्यालाच धरते, आणि तेथे पट्टी उमटते. या पद्धतीस 'वेस्टर्न ब्लॉट' म्हणतात. नावामागे गंमत आहे. डीएनएसाठी अशी पद्धत १९७५ मध्ये एडविन सदर्न यांनी बसविली. सदर्न हे त्यांचे आडनाव. प्रथिनांची पद्धत १९७९ मध्ये आली, आणि दिशेच्या शब्दावर कोटी करून १९८१ मध्ये तिला 'पश्चिमेचे' नाव देण्यात आले. शास्त्रज्ञांसही विनोद सुचतो, हे कधीकधी सांगावे लागते.

प्रथिनावर युबिक्विटिन असेल तर मूळ पट्टीच्या वर, साडेआठ हजार डाल्टनांच्या टप्प्यांनी, दुसरी, तिसरी, चौथी पट्टी दिसते. जणू शिडीच्या पायऱ्या. साखळ्या लांब असतील तर पायऱ्या एकमेकींत मिसळून धुरकट फराटाच उरतो. वाचताना हे सोपे वाटेल. परंतु खूण असलेल्या प्रती एकंदरीच्या मानाने थोड्या, आणि त्या थोड्याही हातातून निसटतात. पेशीत खुणा करणारे जसे आहेत तसे खुणा पुसणारेही आहेत. माणसात या पुसणाऱ्या एन्झाइमांची संख्या शंभराच्या घरात आहे. पेशी फोडताच त्यांना मोकळे रान मिळते आणि काही मिनिटांत ते सारी शिडी पुसून टाकतात. म्हणून पेशी फोडण्याच्या द्रावात एन-इथिल मॅलेइमाइड नावाचे द्रव्य घालून त्यांचे हात बांधावे लागतात. ते द्रव्य पाण्यात फार टिकत नाही, म्हणून आयत्या वेळी ताजे करून घालावे लागते. कालचे उरलेले वापरले की पट्टी नाही, आणि पट्टी का नाही तेही कळत नाही. पत्रलेखिकेच्या कन्येचे तीन महिने कोठे गेले, त्याचे एक उत्तर येथे असण्याचा संभव आहे. दुसरी अडचण अशी की खूण मोडीची असेल तर खूण केलेले प्रथिन पाहण्याआधीच मोडून जाते. त्यासाठी पेशींना फोडण्यापूर्वी काही तास एमजी-१३२ हे औषध देऊन तिचा मोडीचा कारखाना बंद ठेवतात.

याहून नाजूक चूक निराळी आहे. विषाणूचे प्रथिन प्रतिपिंडाच्या साहाय्याने पेशीच्या अर्कातून ओढून बाहेर काढतात आणि मग त्यावर युबिक्विटिन आहे का ते पाहतात. परंतु ते प्रथिन एकटे येत नाही. बाजारातून परतणाऱ्या माणसाच्या मागून चार शेजारी यावेत, तसे त्याला सैलसर धरून बसलेले इतर सोबती येतात, आणि खूण सोबत्याच्या अंगावर असू शकते. फराटा दिसतो, विद्यार्थी आनंदतो, आणि लेखाच्या मसुद्यात विषाणूच्या प्रथिनावर नसलेली खूण लिहिली जाते. हे टाळावयाचे तर अर्क आधी एसडीएसमध्ये उकळून सारे सैल हात सोडवावेत, मग द्राव पातळ करून प्रथिन ओढावे. रासायनिक बंधाने जोडलेले युबिक्विटिन उकळण्याने सुटत नाही, शेजारी सुटतात. दुसरी वाट अशी, की युबिक्विटिनच्या टोकास हिस्टिडिनचे सहा मणी जोडून ते पेशीत घालावे, आणि मग युरिया किंवा ग्वानिडिनच्या तीव्र द्रावात निकेलच्या कणांवर ते पकडावे. निकेलला हिस्टिडिनची ओढ आहे आणि त्या द्रावात कोणतेच प्रथिन घडी राखून दुसऱ्यास धरू शकत नाही. आम्हांस विचाराल तर ज्या निबंधात या दोहोंपैकी एकही काळजी घेतलेली नाही, त्यातील शिडी कितीही सुबक असली तरी तिच्यावर पाय ठेवताना विचार करावा.

आणखी एक सावधगिरी सांगणे भाग आहे. शिडी स्पष्ट दिसावी म्हणून पेशीत विषाणूचे प्रथिन आणि युबिक्विटिन दोन्ही बाहेरून भरमसाट घालण्याची रीत आहे. लग्नघरी बिब्ब्याचा हंडा उपडा झाला तर ज्याच्या त्याच्या धोतरावर डाग पडायचेच. म्हणून भरमसाट युबिक्विटिनने मिळालेली खूण ही शक्यता दाखविते. ती खऱ्या संसर्गातही असते, हे पेशीच्या स्वतःच्या युबिक्विटिनवर आणि खऱ्या विषाणूवर निराळे दाखवावे लागते. या कामी अलीकडे एक चांगले साधन मिळाले आहे. युबिक्विटिनला धरणारे पेशीतील छोटे तुकडे चार-चार एकत्र ओवून केलेले हे जाळे 'ट्यूब' या नावाने ओळखले जाते. २००९ मध्ये ते प्रसिद्ध झाले. ते साखळ्यांना घट्ट धरते आणि धरल्या धरल्या पुसणाऱ्यांपासून त्यांचे रक्षणही करते, त्यामुळे बाहेरून काही न भरताही पेशीतील साखळ्या हाती लागतात. सांधा ओळखण्यासाठी तर पुसणाऱ्या एन्झाइमांनाच कामास लावतात. त्यांतील काही केवळ ४८ चा सांधा तोडतात, काही ६३ चा. नमुन्याचे भाग करून एकेकावर एकेक एन्झाइम सोडावे आणि कोणाच्या हातून शिडी कोसळते ते पाहावे.

आता खूण नेमकी कोणत्या मण्यावर आहे, हा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर मास स्पेक्ट्रोमीटर हे रेणूंचे वजन करणारे यंत्र देते, आणि त्यामागील युक्ती आम्हांस फार आवडते. ट्रिप्सिन हे एन्झाइम प्रथिनाची माळ लायसिन आणि आर्जिनिन या मण्यांपाशीच कापते. युबिक्विटिनचे शेवटचे तीन मणी आर्जिनिन, ग्लायसिन, ग्लायसिन असे आहेत. तेव्हा ट्रिप्सिनने कापल्यावर बाकीचे युबिक्विटिन निघून जाते आणि लक्ष्य-प्रथिनाच्या लायसिनवर दोन ग्लायसिनांचा खुंट तेवढा उरतो. खुंट असलेल्या लायसिनपाशी ट्रिप्सिनला कापता येत नाही, आणि त्या तुकड्याचे वजन ११४.०४ डाल्टनने वाढलेले असते. यंत्र ते वजन टिपते आणि पुढे तो तुकडाही फोडून खुंट कोणत्या मण्यावर आहे ते सांगते. या खुंटांना ओळखणारी प्रतिपिंडे २०१० नंतर वापरात आली, आणि एकाच प्रयोगात हजारो जागा सापडू लागल्या.

परंतु खुंट पाहून झाड ओळखणारा माणूस फसू शकतो, आणि विषाणूंच्या बाबतीत तर त्याची पाळी हमखास येते. युबिक्विटिनची काही भावंडे आहेत. त्यांपैकी आयएसजी-१५ हे नाव ध्यानात ठेवण्याजोगे आहे. विषाणू शिरल्यावर पेशी इंटरफेरॉन नावाची हाकाटी करते आणि त्या हाकेसरशी आयएसजी-१५ मोठ्या प्रमाणावर तयार होऊन प्रथिनांवर चिकटू लागते. त्याचाही शेवट तसाच असल्याने ट्रिप्सिननंतर तोच खुंट उरतो. नेड-८ नावाच्या दुसऱ्या भावंडाचेही तेच. म्हणजे जेव्हा विषाणूचा संसर्ग आहे, नेमके तेव्हाच हे सोंग अधिक. एवढ्यावर भागत नाही. नमुना तयार करताना वापरले जाणारे आयोडोअॅसेटामाइड हे द्रव्य लायसिनवर दोनदा चढले तर त्याचेही वजन बरोबर ११४.०४ डाल्टनच भरते, कारण त्यातील अणूंची गोळाबेरीज अगदी तीच आहे. यंत्रास दोन्ही सारखेच दिसतात. हे २००८ मध्ये उघडकीस आल्यावर पुष्कळांनी ते द्रव्य सोडून क्लोरोअॅसेटामाइड धरले. निसर्ग आपली परीक्षा घेतो म्हणतात. येथे तर कपाटातील बाटलीनेही घेतली.

म्हणून शेवटची कसोटी वेगळीच असते. ज्या लायसिनवर संशय आहे तो बदलून त्या जागी आर्जिनिन घालतात. दोन्ही मणी घनभारित आणि आकाराने सारखेच, पण आर्जिनिनवर युबिक्विटिन चढत नाही. मग शिडी नाहीशी होते का ते पाहावयाचे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे तसा बदल केलेला विषाणू कसा वागतो ते पाहावयाचे. एक लायसिन काढल्यावर खूण शेजारच्या लायसिनवर उडी मारते, असेही घडते. म्हणून नकारार्थी उत्तराने हुरळून किंवा खचून जाण्याचे कारण नसते.

या साऱ्या कसोट्या एकत्र लावल्यावर काय हाती येते, त्याचे उदाहरण झिका विषाणूचे. हा विषाणू १९४७ मध्ये युगांडातील झिका नावाच्या जंगलात, पहाऱ्यासाठी ठेवलेल्या एका माकडाच्या रक्तात सापडला. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, भारतीयांच्या रक्तद्रवात त्याविरुद्धची प्रतिपिंडे आढळल्याचे १९५४ इतक्या जुन्या काळी नोंदविले होते. पुढे २०१५–१६ मध्ये ब्राझीलमध्ये लहान डोक्याची बालके जन्मास येऊ लागली तेव्हा जगाचे डोळे उघडले. आपल्याकडे अहमदाबादचे रुग्ण २०१७ मध्ये जाहीर झाले. महाराष्ट्रातील पहिला रुग्ण जुलै २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातील बेलसर येथे सापडला, आणि २०२४ च्या पावसाळ्यात पुणे शहरात रुग्ण निघाले, त्यांत गर्भवती स्त्रियाही होत्या. डेंग्यूच्याच कुळातला हा विषाणू गर्भातील मेंदूपर्यंत आणि जननेंद्रियांपर्यंत का पोहोचतो, हा प्रश्न त्यामुळे केवळ पुस्तकी राहत नाही.

टेक्सास विद्यापीठाच्या गॅल्व्हेस्टन येथील वैद्यकीय शाखेतील रिकार्डो राजसबाउम यांच्या गटाने २०२० मध्ये 'नेचर' या साप्ताहिकात यावर निबंध प्रसिद्ध केला. झिकाच्या बाह्य आवरणाच्या प्रथिनावर पेशीतील ट्रिम-७ हे एन्झाइम युबिक्विटिनची साखळी चढविते, आणि ती ६३ च्या सांध्याची असते, असे त्यांना आढळले. या दाव्यास पुरावा कडक हवा होता, कारण आवरण-प्रथिनाचा मोठा भाग पेशीच्या अंतर्जालाच्या आतील पोकळीत असतो आणि युबिक्विटिनचा कारभार त्या पोकळीच्या बाहेर चालतो. त्यांनी पेशीबाहेर पडलेल्या, संसर्गक्षम विषाणूकणांवरच ही खूण दाखविली. तीही सर्वच पेशींतून निघालेल्या कणांवर नव्हे, तर ठरावीक प्रकारच्या पेशींतून निघालेल्या कणांवर. मग त्यांनी खूण चढणार नाही असे विषाणू घडविले. ते मानवी पेशींत आणि उंदरांत दुबळे ठरले. जिवंत डासांत मात्र त्यांचे काहीच बिघडले नाही. ज्या उंदरांत ट्रिम-७ नव्हते त्यांच्या मेंदूत आणि जननेंद्रियांत मूळचा विषाणूही कमी वाढला. कारण असे निघाले, की ही साखळी पेशीच्या पृष्ठभागावरील टिम-१ नावाच्या प्रथिनास जाऊन धरते आणि विषाणूस आत शिरण्यास मदत करते. ज्या खुणेचा शोध मोडीचा हुकूम म्हणून लागला, ती येथे विषाणूस दारावरची कडी ठरली. ६३ च्या साखळीविरुद्धची प्रतिपिंडे दिल्यावर उंदरांच्या रक्तातील विषाणू घटला. माणसांसाठीचे ते औषध नव्हे, परंतु खूण खरी आणि कामाची असल्याची साक्ष म्हणून तिचे मोल मोठे आहे.

आणि म्हणून ट्रिम-७ ला विषाणूंचा मित्र म्हणावे, तर तसेही नाही. हृदयाच्या स्नायूंस सूज आणणारा कॉक्सॅकी विषाणू घ्या. त्याच्या एका प्रथिनावर हेच ट्रिम-७ मोडीची खूण करते आणि विषाणूची वाढ रोखते, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या दाबाखाली विषाणूत एक बदल घडून तो ट्रिम-७ च्या हातून निसटतो, आणि निसटलेले वाण आधीच्याहून घातक असते, हेही त्याच निबंधात नमूद आहे.